जौऱ्यातली अडतीची इमारत: एका छायाचित्र-नोंदीचं प्रकरण

मध्य प्रदेशातल्या मुरैन्याहून सबलगडकडे निघालं की सुमारे 25 किलोमीटरवर जौरा लागतं. तिथल्या भर बाजारात रस्त्याला लागून एक दुमजली दगडी इमारत उभी आहे. खाली चार गाळे, वर मधोमध झरोका, झरोक्याच्या दोन्ही अंगांना तीन-तीन कमानी. दोन मजल्यांच्या मध्ये 90 सेंटिमीटर पुढे आलेला दगडी सज्जा आणि त्याला धरून असलेले कोरीव आधार. इकडे त्यांना टोडी म्हणतात. मालकांची नावं आणि नेमका पत्ता इथे दिलेला नाही. का, ते पुढे वाचताना कळेल.

रस्ता रुंद व्हायचा होता. जोत्यावर लाल रंगाचं निशाण पडलं होतं आणि त्या हिशेबानं इमारतीचा पुढचा ओटा आणि बहुधा सज्जाही जाणार होता. दर्शनी भागाची पूर्ण नोंद करायची असेल तर ती त्याआधीच करायला हवी होती. अडचण एकच: घरातली माणसं कॅमेरा बघताच शटर ओढून घेत होती.

त्याला कारण होतं. त्याआधी कुणीतरी या इमारतीचा एक फोटो काढून सगळीकडे फिरवला होता. कृष्णधवल, मावळतीचं आकाश, अंगावर कोसळेल अशी काळी भिंत आणि खाली ओळ: ‘डाकूंची हवेली, भिंतीवर आजही गोळ्यांच्या खुणा’. ही ओळ घरातल्या मुलाच्या फोनवर फिरत फिरत येऊन पोचली. तेव्हापासून दार बंद.

इतिहासाचा भाग

ग्वाल्हेरातल्या लष्कर नावाच्या भागातल्या मराठी घरांत आजही चंबळेकडे जायचं म्हटलं की आजी ‘दिवे लागायच्या आत परत या’ असं सांगते. भीतीची कारणं आता उरलेली नाहीत, वाक्य तेवढं उरलं आहे. जौरा हे शिंदेशाहीत तंवरघार जिल्ह्याचं मुख्य ठिकाण होतं. कचेरी, बाजार, नंतर नॅरोगेज गाडीचं स्टेशन. ती 610 मिलिमीटर रुंदीची गाडी मार्च 2020 मध्ये थांबली ती थांबलीच. पण बाहेरच्या माणसाला जौरा यातल्या कशामुळेच ठाऊक नसतं. 1960 मध्ये विनोबा भावे भिंड-मुरैन्यात फिरले आणि काही बागींनी (डाकूंना इकडे बागी म्हणतात) त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली. 14 एप्रिल 1972 रोजी जौऱ्याच्या गांधी सेवाश्रमात जयप्रकाश नारायण यांच्यासमोर मोठं समर्पण झालं. मोहर सिंह आणि माधो सिंह हे गाजलेले बागी त्यात होते. एस. एन. सुब्बाराव यांनी उभारलेला तो आश्रम आजही आहे. गावाच्या नावाला हे कायमचं चिकटलं.

फोटो काढणाऱ्यानं एक गोष्ट डोक्यात ठेवावी. या गावात ज्यांच्या घरातली माणसं बीहडात, म्हणजे चंबळेच्या घळींत, बागी होऊन गेली त्यांची नातवंडं आहेत, आणि ज्यांच्या घरातली माणसं पळवून नेली गेली किंवा मारली गेली त्यांचीही आहेत. दोघं एकाच बाजारात तेल-मीठ घेतात. एखाद्या इमारतीवर ‘डाकूंची’ असा शिक्का मारला की दोन्हीकडे दुखतं, आणि ज्यांचा कशाशीच संबंध नव्हता त्या अडत्याच्या घराला उगाच खुलासे देत बसावं लागतं.

आधीचा फोटो कसा बनला

तो फोटो खोटा नव्हता, म्हणजे त्यात जोडतोड नव्हती. तरी तो चुकीचा होता, आणि ती चूक तांत्रिक निवडींतून आली होती. म्हणून तो उलगडून बघण्यासारखा आहे.

इमारतीचं तोंड उत्तरेला आहे. समोरून फोटो काढणारा म्हणजे दक्षिणेकडे बघणारा. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून जातो, त्यामुळे तो कायम इमारतीच्या मागे असतो आणि दर्शनी भागावर उन्हाचा एक कवडसाही पडत नाही. अशा वेळी आकाशावर एक्स्पोजर धरलं की दगड आपोआप काळा पडतो. काही करावंच लागत नाही. त्यात 14 मिलिमीटरची अतिरुंद लेन्स, ओट्यापासून चार-पाच मीटरवर, कॅमेरा वर उचललेला. सगळ्या उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात आणि साडेनऊ मीटरची अडत किल्ल्याच्या बुरुजासारखी दिसायला लागते. पहाटेची किंवा सांजेची वेळ निवडली की माणसंही नसतात. काळोख, उंची आणि निर्जनता या तीन गोष्टी लेन्स आणि घड्याळानं पुरवल्या. ‘डाकू’ हा शब्द नंतर फक्त त्यावर बसवला.

नवी नोंद करताना प्रत्येक निवड याच्या उलट करायची ठरली, आणि ती चांगुलपणासाठी नव्हे. उलट निवडींनीच दगड, माप आणि कारागिरी वाचता येते.

बाजारात उभं राहणं

लहान गावात ट्रायपॉड म्हणजे मोजणीचं यंत्र. लाल निशाण पडलेल्या रस्त्यावर तर नक्कीच. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची मोजकाठी आणि लेझरनं अंतर मोजणारं उपकरण हेही त्याच वर्गात. ड्रोनचा विचारही करू नये: 2020 पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोननं झाल्यापासून वर घरघर ऐकू आली की लोक सातबाऱ्याच्या, म्हणजे इथे खसऱ्याच्या, भाषेत विचार करतात. ते चूकही नाही.

म्हणून सामान इतकंच होतं: एक फुलफ्रेम बॉडी (24 मेगापिक्सेल, म्हणजे 6000 गुणिले 4000), 16 ते 35 मिलिमीटरची झूम, 85 मिलिमीटरची एक लेन्स, रंग जुळवायला करड्या रंगाचं कार्ड, एक छोटा टॉर्च, ए-4 कागदाची कोरी पानं आणि वही. मापासाठी ए-4 कागद उत्तम. 297 गुणिले 210 मिलिमीटर, जगात कुठेही तेवढाच, आणि दाराजवळ चिकटवला तर कुणाला तो मोजकाठी वाटत नाही.

पहिलं बोलणं कॅमेरा पिशवीत ठेवून झालं. ओट्यावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, “सड़क वाले हो का?”

“नहीं कक्का. सड़क वाले नहीं हैं, लश्कर से आए हैं. सामने का फोटू लेना है, टूटने से पहले.”

“फोटू तो पहले भी उतर गओ. का मिलो?”

या प्रश्नाला तोंडी उत्तर नसतं. आधीचा फोटो आणि त्याच कोनातून, पण सरळ काढलेला दुसऱ्या एका इमारतीचा छापील फोटो शेजारी-शेजारी ठेवून दाखवले. कक्कांनी दुसऱ्याकडे बराच वेळ बघितलं, मग बोट ठेवून समोरच्या सज्जाच्या टोडी मोजल्या. परवानगी तिथे मिळाली. छापील नमुना जवळ ठेवण्याचा हा फायदा आहे. फोनवरचा फोटो लोक बघतात आणि बोटानं पुढे ढकलतात.

परवानगी मात्र एकाची पुरत नाही. ही इमारत दोन भावांत वाटली गेलेली आहे आणि वाटणीचा वाद कोर्टात आहे. पूर्वेकडचे दोन गाळे आणि त्यावरचा मजला थोरल्याकडे, पश्चिमेकडचे धाकट्याकडे. थोरल्यानं हो म्हटलं की धाकट्याला वाटणार हे पुराव्याचं काम चाललंय. दोघांना एकाच दिवशी, समोरासमोर, एकच वाक्य सांगितलं: दर्शनी भागाचे सगळे फोटो दोघांना सारखे मिळतील, कोणता गाळा कुणाचा ते कुठेही लिहिलं जाणार नाही, आणि ही नोंद मालकीचा पुरावा नाही असं तिच्यावरच छापलेलं असेल. धाकट्यानं बाहेरून काढायला हरकत घेतली नाही. आत येऊ दिलं नाही. नोंदीत त्या जागी ‘पश्चिमेकडचा आतला भाग: परवानगी नाही’ एवढंच लिहिलं आहे. रिकामी जागा रिकामी दाखवावी, दुसऱ्या खोलीच्या फोटोनं भरू नये.

समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर जायचं होतं (कारण लगेच येतंय). दिवसा तिथे बायकाच असतात. गटात एक बाई असली की हे काम दहा मिनिटांत होतं, नाहीतर संध्याकाळपर्यंत ‘मालिक घर पर नहीं हैं’.

अंतराचं गणित

दर्शनी भाग 14 मीटर रुंद, कठड्यापर्यंत 9.5 मीटर उंच. समोरच्या दुकानाच्या भिंतीला पाठ लावून उभं राहिलं तर 11 मीटर अंतर मिळतं, त्यापेक्षा एक वीतही नाही. रस्त्यावरच्या इमारतींचा खरा प्रश्न इथेच असतो.

हिशेब सोपा आहे आणि निघण्याआधी घरी करून ठेवावा. फुलफ्रेम सेन्सर 36 गुणिले 24 मिलिमीटर. 11 मीटरवरून 24 मिलिमीटरच्या लेन्समध्ये 16.5 मीटर रुंदी आणि 11 मीटर उंची मावते. रुंदी पुरते. उंचीही पुरते असं वाटतं, पण नाही: कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर, म्हणजे 1.6 मीटरवर समपातळीत धरला तर त्या 11 मीटरमधले 5.5 वर जातात आणि 5.5 खाली. वरची कड 7.1 मीटरवर कापली जाते. कठडा गेला, झरोक्याचा माथा गेला, आणि खाली जमिनीखालचे जवळपास चार मीटर वाया. ते प्रत्यक्षात पायाजवळच्या रस्त्याचे म्हणून दिसतात.

इथे सगळे जण कॅमेरा वर उचलतात. उचलू नये. फक्त एक अंश उचलला तरी या मापाच्या इमारतीत वरची कड खालच्या कडेपेक्षा सुमारे 21 सेंटिमीटरनं अरुंद दिसते. पाच-सहा अंशांत मीटरभर फरक पडतो. नंतर सॉफ्टवेअरमध्ये रेषा सरळ करता येतात हे खरं, पण तिथे वरचा भाग ताणला जातो. म्हणजे कोरीवकाम जिथे सगळ्यात दाट आहे तिथेच तपशील सगळ्यात पातळ होतो.

शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेरा न हलवता वर-खाली सरकवता येणारी लेन्स, असेल तर प्रश्न मिटला. 24 मिलिमीटरची शिफ्ट लेन्स, कॅमेरा समपातळीत, लेन्स साधारण साडेसहा मिलिमीटर वर सरकवली की तीन मीटर उंची जास्त मिळते आणि कठड्यावर थोडं आकाशही. पण ही लेन्स महाग आणि रोजच्या कामाची नाही. या कामात तीन पर्याय तपासले गेले, त्यातले दोन वापरले.

एक, जमिनीवरून 16 मिलिमीटर, कॅमेरा काटेकोर समपातळीत. तेव्हा चौकट 24.75 गुणिले 16.5 मीटर होते आणि वरची कड 9.85 मीटरवर येते. कठड्याच्या वर जेमतेम दीड वीत. खालचा रस्ता नंतर कापायचा. किंमत अशी की 24 मेगापिक्सेलपैकी इमारतीच्या वाट्याला रुंदीत फक्त 3400 पिक्सेल येतात, म्हणजे एका पिक्सेलला सुमारे 4 मिलिमीटर दगड.

दोन, समोरच्या घराच्या सज्जातून. कॅमेरा जमिनीपासून 4.8 मीटरवर, म्हणजे इमारतीच्या बरोबर मध्यावर. सज्जा पुढे आलेला असल्यामुळे अंतर 10 मीटर उरतं. तिथून 20 मिलिमीटरला 18 गुणिले 12 मीटर मावतात: वर 10.8 मीटरपर्यंत, खाली ओट्यासकट थोडा रस्ता. काही कापावं लागत नाही, काही सरळ करावं लागत नाही आणि एक पिक्सेल 3 मिलिमीटरचा. मुख्य नोंद हीच.

मग जमिनीवरचा फोटो कशाला? 4.8 मीटरवरून मधला सज्जा जवळपास डोळ्यांच्या रेषेत येतो, त्याची खालची बाजू दिसतच नाही. टोडींचं कोरीवकाम खालूनच वाचायचं असतं. कारागिरानं ते रस्त्यावरून चालणाऱ्यासाठी केलेलं आहे. तिसरा पर्याय, तुकड्या-तुकड्यांनी काढून जोडणं, सोडून दिला. दहा मीटरवर कॅमेरा हातात फिरवून काढलेल्या तुकड्यांत सज्जा पुढे आणि भिंत मागे अशी जोडणी कुठेतरी चुकते, आणि चुकलेली टोडी ओळखू येत नाही. हा त्यातला सगळ्यात वाईट भाग.

वरच्या जागेचा एक त्रास होता: विजेच्या तारा. तीन तारा कॅमेऱ्यापासून अडीच मीटरवर, साडेपाच मीटर उंचीवरून जात होत्या आणि झरोक्याच्या जाळीवर आडव्या पडत होत्या. तार जवळ आणि भिंत लांब, त्यामुळे कॅमेरा नुसता 20 सेंटिमीटर खाली घेतला की तारेची रेघ भिंतीवर 60 सेंटिमीटर वर सरकते. म्हणून एकाच जागेवरून दोन चौकटी: एक कॅमेरा कठड्याच्या वर धरून, एक पायरीवर बसून, दोन्ही समपातळीत. पहिल्या चौकटीत जे तारेमागे लपलं ते दुसरीत उघडं. तारा पुसल्या नाहीत. नोंदीच्या फोटोतून तार पुसली की त्या जागी सॉफ्टवेअरनं स्वतः रचलेला दगड येतो, आणि पन्नास वर्षांनी कुणी तो खरा समजून मोजेल.

उजेड

उत्तरमुखी इमारतीला ऊन हवंच असेल तर जूनमध्ये जावं. या अक्षांशावर, म्हणजे साधारण 26.3 अंशांवर, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य ईशान्येकडून उगवतो आणि सकाळी साडेदहाच्या आसपासपर्यंत उत्तरेच्या भिंतीला तिरका घासून जातो. नक्षी उठावदार दिसते. पण मुरैन्याचा जून म्हणजे काय ते मुरैन्याला गेलेल्यांना सांगायला नको, आणि रस्त्याचं काम जूनपर्यंत थांबणार नव्हतं.

हिवाळ्यात सावलीतच काम करायचं. तेही वाईट नसतं. सावलीतला उजेड सारखा असतो, खाचाखोचा काळ्या पडत नाहीत. आय-एस-ओ 400, एफ 8, 1/125 सेकंद, हातात धरून. एवढ्यात काम होतं आणि ट्रायपॉड लागत नाही. आकाश मात्र तीन-चार स्टॉप जास्त उजळ राहतं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). उजेडाची मोजणी दगडावर करायची, आकाश पांढरं होऊ द्यायचं. वाटलं तर दोन स्टॉपच्या फरकानं तीन चौकटी घ्याव्यात आणि नंतर फक्त कठड्याची कड वाचवण्यापुरत्या वापराव्यात.

इथे एक गोष्ट अनपेक्षितपणे समोर आली. डिसेंबरअखेर दुपारी सूर्य फक्त 40 अंशांवर येतो आणि साडेनऊ मीटरच्या इमारतीची सावली 11 मीटर पडते, म्हणजे रस्ता ओलांडून समोरच्या भिंतीच्या पायापाशी थांबते. समोरची भिंत पूर्ण उन्हात. ती पोपटी रंगाची आहे. तिचा उजेड परतून सावलीतल्या दगडावर पडतो आणि अकरा ते दोनच्या दरम्यान सगळी इमारत शेवाळल्यासारखी दिसते. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग आपोआप जुळवण्याची सोय, यावर गोंधळतो: खालच्या गाळ्यांना एक रंग देतो, वरच्या मजल्याला दुसरा. उपाय दोन. साडेनऊ-दहाच्या सुमाराला काम उरकावं, तेव्हा समोरच्या घराच्या खालच्या भागावर अजून सावली असते. आणि करडं कार्ड कॅमेऱ्यापाशी नव्हे, इमारतीच्या भिंतीला टेकवून, रस्त्याकडे तोंड करून धरावं. ज्या उजेडात दगड आहे त्याच उजेडात कार्ड हवं. धुक्याच्या दिवसांत दहापर्यंत सगळं सपाट दिसतं. तेव्हा घाई न करता चहा घ्यावा.

माणसं ठेवायची की नाही

हा वाद प्रत्येक गटात होतो. बाजारातली इमारत मोकळी मिळत नाही. ट्रॉल्या, मोटारसायकली, हातगाड्या, थंडीत गजकच्या दुकानापुढची गर्दी. तांत्रिक उपाय आहेत: दहा स्टॉपचं एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी काळी काच, लावलं तर 1/60 सेकंदाचं एक्स्पोजर सुमारे 17 सेकंदांचं होतं आणि चालणारी माणसं विरून जातात. किंवा वीसेक चौकटी घेऊन सॉफ्टवेअरमध्ये त्यांचा मध्यक काढायचा. जे हललं ते गेलं.

या गावात हे करू नये असं आमचं मत आहे. जौऱ्यासारख्या नावाच्या गावात रिकामा बाजार दाखवला की बघणारा उरलेली गोष्ट स्वतःच रचतो. आधीच्या फोटोत तेच झालं होतं. इथे दोन मुख्य चौकटी ठेवल्या. एक सकाळी शटर बंद असताना, गाळ्यांची मापं आणि दगडी चौकटी दिसाव्यात म्हणून. तिच्यावर वेळ छापली आहे, म्हणजे निर्जनतेचं कारण कळतं. दुसरी दुकानं उघडल्यावर, गिऱ्हाइकांसकट. चेहरे ओळखू येत असतील तर विचारून. लहान मुलं असतील तर ती निघून जाईपर्यंत थांबून.

फ्लेक्सचे बोर्ड काढायला सांगू नयेत. दोन बोर्डांनी कमानींचा वरचा भाग झाकला होता. एक दुकानदार ‘उतार दें का?’ म्हणाला, तेव्हा नको सांगितलं. बोर्ड उतरवताना जुना चुना निघतो, आणि परत लावताना नवे खिळे ठोकले जातात. बोर्डामागचा कमानीचा भाग शेजारच्या उघड्या कमानीवरून समजतो.

‘गोळ्यांच्या खुणा’

मुख्य प्रश्न हाच होता आणि तो 85 मिलिमीटरच्या लेन्सनं सुटला. 11 मीटरवरून तिच्यात 4.66 मीटर रुंदी मावते, म्हणजे एक पिक्सेल पाऊण मिलिमीटरचा.

खालच्या मजल्यावर जमिनीपासून सुमारे 2.7 मीटरवर पाच भोकं आहेत. पाचही एकाच रेषेत, जवळपास सारख्या अंतरावर, चौकोनी. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून दहा-पंधरा अंशांत उजेड सोडला की कडा स्पष्ट दिसतात: छिन्नीनं कापलेल्या सरळ कडा. गोळी वालुकाश्माला लागली तर पृष्ठभागावर रुंद आणि आत निमुळता होत जाणारा खळगा पडतो, भोवती कपच्या उडतात, आणि दोन खळगे सहसा एका उंचीवर, एका अंतरावर येत नाहीत. इथे दोन भोकांत लाकडाचे कुजलेले तुकडे आहेत आणि एकाखाली गंजाचा ओघळ. पुढे छपराचा मांडव किंवा ताडपत्री बांधायच्या खुंट्यांची ही भोकं. कक्कांना ते आधीपासून माहीत होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

ओट्याच्या छताला एक जाड लोखंडी आकडा आहे, धान्याचा काटा टांगायचा. त्याच्या खालची फरशी पोत्यांनी घासून खोलगट झाली आहे, कड बोटाला लोण्यासारखी लागते. या दोन चौकटी बघितल्या की ही इमारत कशासाठी बांधली ते सांगावं लागत नाही.

दारावरचं संवत् वाचताना नवखे लोक अक्षरांवर खडू किंवा हळद घासतात. करू नये. वालुकाश्माच्या छिद्रांत ते बसतं आणि पावसाळ्यात पसरतं. एका बाजूनं टॉर्च आणि दुसऱ्या बाजूला ए-4 कागदाचा पांढरा उजेड एवढं पुरतं. एका फोटोत डावीकडून उजेड, दुसऱ्यात उजवीकडून. नऊ की सहा असा घोळ मग राहत नाही. मराठी डोळ्याला दगडावरचा आकडा शके वाटतो. 1984 ला शके समजून 78 मिळवले तर 2062 साल येतं, तेव्हा हसून पुन्हा बघावं. इथे विक्रम संवत् चैत्रात बदलतं. महिना कोरलेला असेल तर डिसेंबरपर्यंत 57 वजा करायचे, त्यानंतर चैत्रापर्यंत 56. महिना नसेल तर दोन्ही सालं लिहायची: 1927–28. म्हणजे ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे 1925 मध्ये वारल्यानंतर, त्यांचे चिरंजीव जिवाजीराव वयानं अज्ञान असतानाचा काळ. बीहडातल्या गाजलेल्या नावांच्या आधीचा.

ओळ कशी लिहिली

फोटोखालची ओळ तीन थरांत लिहिली, आणि थर एकमेकांत मिसळू दिले नाहीत. अंतिम मजकूर असा:

‘जौरा, जिल्हा मुरैना. बाजारातली दुमजली दगडी इमारत, उत्तरमुखी, दर्शनी रुंदी सुमारे 14 मीटर. दारावर संवत् 1984 (1927–28). दिसणारं: चार गाळे, ओट्याच्या छताला काट्याचा आकडा, 2.7 मीटर उंचीवर खुंट्यांची पाच चौकोनी भोकं. सांगितलेलं: घरातल्या वडीलधाऱ्यांच्या म्हणण्यानुसार धान्याची अडत. नोंद रस्ता-रुंदीकरणाआधीची. मालकीचा पुरावा नाही.’

समर्पणाचा उल्लेख यात नाही. गावाबद्दलच्या लेखात तो यायलाच हवा. या इमारतीच्या ओळीत त्याचं काही काम नाही. बाजारात एकानं ‘रात को आते थे’ असं सांगितलं होतं, दुसऱ्यानं हात झटकला. एकट्याची, तीही ऐकीव गोष्ट वहीत राहिली, सांगणाऱ्याच्या नावाशिवाय. ती छापायची तर दुसरा कुणीतरी स्वतंत्रपणे तेच सांगणारा हवा, आणि घरच्यांनाही आधी दाखवायला हवी.

मूळ रॉ फाइली दोन वेगळ्या डिस्कवर ठेवल्या. लोकांसाठीच्या प्रतींतून जीपीएस काढून टाकलं, कारण वाटणीचा दावा चालू असलेल्या घराचा नकाशावरचा ठिपका कुणाच्याही हातात द्यायचा नसतो. कागदाचा मापाचा फोटो वेगळा जपला: मुख्य चौकटीत ए-4 ची लांब बाजू 99 पिक्सेलची येते आणि एक-दोन पिक्सेलची चूक धरली तर मापं एक ते दोन टक्क्यांत बरोबर राहतात. भरपाईच्या मोजणीला ते पुरेसं नाही, दगडी काम पुन्हा बसवायचं झालं तर चालून जाईल.

छापील प्रती 12 गुणिले 18 इंची, मॅट कागदावर, दोन सारखे संच. दोन्ही भावांच्या हातात एकाच वेळी दिले, दुकानात, सगळ्यांसमोर. थोरल्यानं भिंतीवर लावायला शटर बंद असलेली चौकट निवडली. दुकानं उघडी असलेल्या चौकटीत धाकट्याचा बोर्ड मोठा दिसतो, असं त्याचं म्हणणं पडलं.